काम मुलांचं, परवानगी आपली

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या शुभारंभाच्या कार्यक्रमात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण. वक्ते निवृत्त शिक्षक, माजी स्काऊट मास्टर आणि सोसायटीचे माजी सचिव आहेत.)



मला पंधरा मिनिटं दिली आहेत. शिक्षकाला पंधरा मिनिटं म्हणजे हजेरी घेण्यातच जातात, हे अध्यक्षांनाही माहीत आहे. म्हणून त्यांनी समोर घड्याळ ठेवलं आहे. मी ते पाहून बोलतो.

विषय दिला आहे, ‘स्काऊट-गाईड चळवळ आणि आपली मुलं’. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीतल्या मुला-मुलींनी राज्य पुरस्कार मिळवले, शिबिरं केली, यात्रेत सेवा दिली. त्यांचं कौतुक करावं, अशी कार्यकारिणीची अपेक्षा आहे. कौतुक मी करणारच आहे. पण त्याआधी मला माझी एक चूक कबूल करायची आहे, आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणी करायची आहे. चूक जुनी आहे, मागणी ताजी आहे.

आपला जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला आणि २००० साली आपली सोसायटी नोंदली गेली. म्हणजे जिल्हा आणि सोसायटी जवळजवळ बरोबरीची भावंडं. ज्यांनी सुरुवातीला इथं घरं बांधली त्यांना आठवत असेल, पावसाळ्यात या ले-आऊटमध्ये स्कूटर आणणं म्हणजे शिक्षा होती. काळ्या मातीचा चिखल चाकात असा बसायचा की स्कूटर मुख्य रस्त्यावर ठेवून, चपला हातात घेऊन घरी यावं लागे. ओपन स्पेस नकाशावर होती. प्रत्यक्षात तिथं गाजरगवत आणि बेशरमाचं रान होतं.

मी स्वतः स्काऊट झालो तो १९६८ साली, बारा वर्षांचा असताना. तेव्हा आमचे गुरुजी ‘बालवीर’ म्हणायचे आणि मुलींना ‘वीरबाला’. खाकी हाफपँट, गळ्यात स्कार्फ, हातात काठी. जिल्हा मेळावा अकोल्याला असायचा, आणि आम्ही मीटरगेजच्या गाडीनं जायचो. गुरुजींनी एक सवय लावली होती. सकाळी स्कार्फच्या टोकाला एक गाठ मारायची, आणि दिवसभरात कुणाच्या तरी उपयोगाचं एक काम केल्याशिवाय ती सोडायची नाही. संध्याकाळी गाठ तशीच राहिली असेल, तर आई विचारायची, “आज कोणाच्या कामी आला नाहीस वाटते?” मग मी धावत शेजारच्या आजीची घागर भरून द्यायचो. आजी म्हणायची, “तुह्या गाठीपायी माही घागर दोनदा भरते रे बाप्पा.”

गंमत बाजूला ठेवू. ही चळवळ सुरू कशी झाली, ते मुलांसाठी थोडक्यात सांगतो, कारण माझ्या मागणीचा त्याच्याशी संबंध आहे.

१८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झालं. मॅफेकिंग नावाच्या लहान गावाला वेढा पडला आणि तो २१७ दिवस चालला. गावाच्या बचावाची जबाबदारी बेडन-पॉवेल या इंग्रज अधिकाऱ्यावर होती. माणसं कमी होती. तेव्हा लॉर्ड एडवर्ड सेसिल या अधिकाऱ्यानं गावातल्या मुलांचं पथक उभं केलं. ही मुलं निरोप पोचवायची, आधी गाढवांवर बसून, नंतर सायकलवर. त्यांचा म्होरक्या गुडइयर नावाचा तेरा वर्षांचा मुलगा होता. बेडन-पॉवेल यांना त्यातून एक गोष्ट दिसली. मुलाला खरी जबाबदारी दिली, म्हणजे चुकलं तर खरंच नुकसान होईल अशी जबाबदारी दिली, की मुलगा तिच्या उंचीचा होतो.

पुढे १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडजवळच्या ब्राउनसी बेटावर त्यांनी वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. त्यात मोठ्या घरची मुलं होती आणि कामगारांचीही होती. सगळी मिसळून चार संघ केले आणि प्रत्येक संघाचा नायक मुलांमधलाच एक ठेवला. हीच आपली संघ पद्धती. आज पथकात जो संघनायक असतो, तो तेव्हापासून आहे.

मुलींची गोष्ट तर आणखी छान आहे. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटांचा मोठा मेळावा भरला. तिथं काही मुली न बोलावताच आल्या आणि म्हणाल्या, आम्हालाही हे हवं आहे. पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, गाईड चळवळ सुरू झाली. भारतातलं पहिलं गाईड पथक १९११ साली जबलपूरला निघालं. ही चळवळ मुलींना कुणी वाढून दिली नाही, त्यांनी येऊन मागून घेतली. हे लक्षात ठेवा. आपल्या सोसायटीतही पुढे असंच झालं.

भारतात स्काऊटिंग १९०९ मध्ये आलं, पण सुरुवातीला भारतीय मुलांना त्यात घेत नसत. मग आपल्या लोकांनी आपली पथकं काढली. ॲनी बेझंट यांनी मद्रासकडे काढली. उत्तरेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीच्या नावानं काढली. कुंभमेळ्यासारख्या यात्रांमध्ये गर्दी सांभाळणं, हरवलेल्यांना घरच्यांपर्यंत पोचवणं, हे त्या मुलांचं काम. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही संस्था झाली, आणि १९५१ मध्ये गाईड संघटनाही तिच्यात आली. म्हणजे आपल्याकडे ही चळवळ वाढली ती सेवेच्या वाटेनं. संचलन, बिगूल, गणवेश ही तिची वरची बाजू झाली.

याच वाटेनं माझं पथक पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत जायचं. चैत्राचं ऊन तुम्हाला सांगायला नको. मुलं रांजणापाशी उभी राहून पाणी द्यायची आणि हरवलेली लेकरं एका मंडपात आणून बसवायची. एका वर्षी चार वर्षांची एक बंजारा मुलगी हरवली. तिला गोरमाटी सोडून दुसरी भाषा येत नव्हती आणि आमच्यापैकी कुणाला ती येत नव्हती. आमचा एक संघनायक मानोऱ्याकडच्या तांड्यातला होता. तो एरवी वर्गात तोंड उघडायचा नाही. त्या दिवशी तोच तिच्याशी बोलत बसला. आजोबांच्या पागोट्याचा रंग विचारून घेतला आणि दीड तासात आजोबा शोधून आणले. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा वर्गात बोलायला लागला. मी त्याला काही शिकवलं नव्हतं. मी फक्त त्याच्या आणि त्या मुलीच्या मध्ये उभा राहिलो नव्हतो.

हे मला त्या दिवशी कळलं होतं. तरी पुढे मी चुकलो. आता ती चूक सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पायऱ्या सांगतो. स्काऊट-गाईडला प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार, आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. गाठी, प्रथमोपचार, नकाशावाचन, तंबू, स्वयंपाक अशा चाचण्या असतात आणि समाजसेवेचं काम करून त्याची लॉगबुक लिहावी लागते. पुरस्कार मिळाला की दहावीला सवलतीचे गुण मिळतात. त्यामुळे पालकांचा उत्साह तृतीय सोपानानंतर एकदम वाढतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

२००९ साली आपल्या सोसायटीतली चार मुलं राज्य पुरस्काराची तयारी करत होती. मी शाळेत त्यांचा स्काऊट मास्टर आणि इथं सोसायटीचा सचिव. दोन्ही टोप्या माझ्याच डोक्यावर. समाजसेवेचा प्रकल्प म्हणून मी ठरवलं की ओपन स्पेसमध्ये बोअरजवळ शोषखड्डा करायचा. जागा मी ठरवली. माप मी काढलं, पाच फूट बाय पाच फूट, खोली सहा फूट. मजूर मी सांगितले. दगड आणि गिट्टी मी आणवली. दोन दिवसांत खड्डा तयार झाला. मुलं शनिवारी शाळा सुटल्यावर आली. त्यांच्या हातात फावडं आणि घमेलं दिलं आणि फोटो काढले. लॉगबुकमध्ये काय लिहायचं, तेही मी फळ्यावर लिहून दिलं. चौघांच्या लॉगबुका शब्द न् शब्द सारख्या होत्या.

पुरस्कार मिळाले. याच हॉलमध्ये आपण सत्कार केला. मी भाषण केलं, ‘नेतृत्वगुण’ हा शब्द त्यात निदान पाच वेळा होता.

दोन पावसाळ्यांत तो खड्डा गाळानं भरला. तिसऱ्या पावसाळ्यात वर पाणी साचलं, डास झाले. सभेत तक्रार आली आणि आपण त्यावर फरशीचे तुकडे टाकून तो झाकून टाकला. त्या चार मुलांपैकी एकालाही तो साफ करावासा वाटला नाही. त्यांनी का करावा? तो त्यांचा नव्हताच.

काही वर्षांनी त्यांतला एक मुलगा दिवाळीत भेटायला आला. नोकरीच्या मुलाखतीला गेला होता. अर्जात त्यानं राज्य पुरस्कार आणि ‘जलसंधारण प्रकल्पाचे नेतृत्व’ असं लिहिलं होतं. समोरच्यानं सहज विचारलं, “खड्डा सहा फूटच का खणला? किती पाणी मुरेल असा हिशेब होता?” पोरगा मला म्हणाला, “सर, मले काहीच सांगता आलं नाही. मले वाटलं, मी खोटं बोललो.” तो माझ्यावर रागावला नव्हता. मला वाटतं, रागावला असता तर बरं झालं असतं. त्याच्या तोंडी ते वाक्य मी घातलं होतं आणि त्याची लाज मात्र त्याला वाटत होती.

मंडळी, आता २०१६ चा उन्हाळा आठवा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. आपल्याकडे नळाला रोज पाणी नव्हतंच, आणि आपली बोअर मेच्या पहिल्या आठवड्यात हवा फेकायला लागली. टँकर आला की आपण सगळे, मीही, बादल्या घेऊन रांगेत.

एका संध्याकाळी आठवीतली एक मुलगी माझ्या दारात आली. ती गाईड होती. मागे आणखी दहा मुलं, काही स्काऊट, काही नुसतीच हौशी. तिच्या हातात शंभर पानी वही होती. म्हणाली, “सर, ओपन स्पेसमधला थो जुना खड्डा आम्ही उकरून साफ करू काय? अन् हॉलच्या छताचं पाणी त्यात सोडू काय?”

मी वही पाहिली. तिनं हॉलचं छत मोजलं होतं, चाळीस फूट बाय तीस फूट. त्याचे चौरस मीटर केले होते, एकशे अकरा. खाली लिहिलं होतं, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वीस मिलिमीटरची एक सर आली तर एका छतावरून सव्वादोन हजार लिटर. शेजारी लाल पेनानं लिहिलं होतं, ‘हे पाणी आत्ता गेटसमोर साचते.’

मला इतका आनंद झाला की मी लगेच म्हणालो, “वा! उद्याच मिस्त्रीला सांगतो.”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “सर, तुम्ही नोका करू. तुम्ही केलं तं मंग थो तुमचाच खड्डा राहीन.”

तिला २००९ ची गोष्ट कुणी सांगितली होती की नव्हती, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

विषय कार्यकारिणीपुढे गेला. त्या सभेत जे जे बोललं गेलं ते मी सांगणार नाही, कारण बोलणारे बरेचजण समोर बसले आहेत. पण दोन हरकती महत्त्वाच्या होत्या. एकजण म्हणाले, “पोट्ट्याईच्यानं काय होते? आठ दिवस नाचतीन अन् सोडून देतीन.” दुसरे म्हणाले, “लेकरू खड्ड्यात पडलं, अंगावर माती आली, तर जबाबदार कोण?” पहिली हरकत मला पटली नाही. दुसरी पूर्ण पटली. काळ्या मातीच्या कडा ओल्या झाल्या की ढासळतात, त्यात शूरपणा चालत नाही. म्हणून ठरलं ते असं. कमरेपेक्षा खोल कुणीही मूल उतरणार नाही. खोलीचं काम मिस्त्री आणि मजूर करतील. पण काय करायचं, कधी करायचं, कुणी करायचं, पैसा कुठून आणायचा आणि हिशेब कसा ठेवायचा, हे मुलं ठरवतील. मोठ्यांनी सुरक्षितता पाहायची. विचारलं तरच सल्ला द्यायचा.

‘विचारलं तरच’ ही अट पाळणं मला फार जड गेलं.

मुलांनी रद्दी गोळा केली, त्याचे १,७५० रुपये झाले. खरी कमाई केली, म्हणजे स्कूटर धुतल्या, दळणं आणून दिली, माळे साफ केले. त्याचे १,१५० रुपये. सोसायटीनं २,००० रुपये दिले. एकूण ४,९००. पाइप, एल्बो, जाळी, मिस्त्री आणि मजुरी मिळून खर्च ४,८६० रुपये. उरलेले ४० रुपये त्यांनी पावतीसह खजिनदारांकडे परत आणून दिले. खजिनदार मला म्हणाले, “सर, पंचवार्षिक ठेवीचा हिशेब एवढा स्वच्छ नसते हो आपला.”

पहिल्या रविवारी खड्डा उकरला. गाळ काढला आणि काठावरच ढीग लावला. मला दिसत होतं की वळवाची एक सर आली तर हा ढीग पुन्हा आत जाणार. मी खिडकीत उभा होतो. सांगावं की नाही? बायको म्हणाली, “तुमाले इचारलं काय त्याईनं?” मी गप्प बसलो. मंगळवारी रात्री पाऊस आला आणि निम्मा गाळ आत गेला.

बुधवारी सकाळी सगळी मुलं काठावर उभी. दोघं रडवेली झाली होती. एकजण घरी निघून गेला. मला वाटलं, संपलं, सभेतले ते गृहस्थ बरोबर होते. संध्याकाळी मुलांनी हॉलच्या पायरीवर बैठक घेतली. स्काऊटच्या भाषेत तिला मानसभा म्हणतात. तिथून ती मुलगी आली आणि पहिल्यांदा मला विचारलं, “सर, माती कुठं टाकाची?” तेव्हा मी सांगितलं, काठापासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला. पुढच्या रविवारी घरी गेलेला मुलगा मोठ्या भावाला घेऊन परत आला. तळाला मोठे दगड, वर विटांचे तुकडे, वर गिट्टी, सगळ्यात वर वाळू. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायला पाइपला एक वेगळं तोंड. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काम झालं.

त्या खड्ड्यानं बोअरला किती पाणी वाढलं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. एका खड्ड्यानं बोअर भरत नाही. त्यानंतरचे काही पावसाळेही बरे गेले. पण गेटसमोरचं तळं बंद झालं, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. आणि दुसरी गोष्ट अशी की, तेव्हापासून दरवर्षी मे महिन्यात तो खड्डा साफ होतो. त्या अकरा मुलांतलं आज कुणी पुण्याला आहे, कुणी नागपूरला. पण जाताना प्रत्येक तुकडीनं पुढच्या तुकडीच्या हातात ती वही दिली. आता तिसरी वही चालू आहे. माझा खड्डा दोन पावसाळे टिकला, त्यांचा आठ पावसाळ्यांहून जास्त. माप तेच, जागा तीच.

ती मुलगी आज सुट्टीला आली आहे आणि मागे दाराशी उभी आहे. “सर, माझं नाव घेऊ नका,” असं बजावलं आहे. म्हणून घेत नाही.

मागच्या वर्षी आपल्या एका सभासदांचा नातू अमेरिकेहून आला होता. तिथल्या स्काऊटांचा सर्वांत वरचा पुरस्कार म्हणजे ‘ईगल स्काऊट’. १९१२ पासून तो दिला जातो. त्यासाठी एकवीस गुणचिन्हं मिळवावी लागतात, आणि समाजसेवेच्या एका कामाचं नेतृत्व करावं लागतं, तेही वयाच्या अठराव्या वर्षाआधी. मी त्या नातवाला माझ्या सवयीनं विचारलं, “तू किती तास काम केलंस?” तो म्हणाला, “आजोबा, माझे तास फार महत्त्वाचे नसतात. मी इतरांना घेऊन काम कसं पार पाडलं, ते पाहतात.” आणि त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. ज्यांच्यासाठी काम करायचं, ती शाळा असो, देऊळ असो की वस्ती, त्यांची मंजुरीची सही काम सुरू होण्याआधी घ्यावी लागते. सही नसेल तर काम सुरूच करता येत नाही.

मी रात्री त्यावर विचार करत होतो. म्हणजे सातासमुद्रापार काय आणि वाशीमला काय, मुलांच्या नेतृत्वाची पहिली पायरी मोठ्यांच्या हातात असते. मूल वही घेऊन दारात येतं. तिथून पुढे ते जाईल की नाही, ते आपल्या उत्तरावर ठरतं. नाही म्हणून आपण त्याला थांबवू शकतो. आणि माझ्यासारखं फार उत्साहानं हो म्हणून, काम त्याच्या हातातून काढून घेऊनही थांबवू शकतो.

आता माझी मागणी.

रौप्यमहोत्सवी वर्षात ओपन स्पेसला पेव्हर ब्लॉक लावायचे, असा प्रस्ताव आहे. मी त्याच्या बाजूनं आहे. माझे गुडघे मला विचारून चालत नाहीत. चिखलात घसरण्याचं वय आता राहिलं नाही, आणि दोन घरी व्हीलचेअर आहे. पण नकाशाप्रमाणे ब्लॉक त्या खड्ड्यावरून जातात. तिसऱ्या वहीवाल्या सात मुलांनी कार्यकारिणीला अर्ज दिला आहे. खड्ड्याभोवती सहा फूट जागा मोकळी सोडा, आणि बाकी ठिकाणी ब्लॉकमध्ये फटी ठेवा, म्हणजे पाणी मुरेल. सोबत मापासह आकृती जोडली आहे. अर्जाला तोंडी उत्तर मिळालं, “पाहू.”

मंडळी, ‘पाहू’ हे आपल्या वऱ्हाडातलं सगळ्यात सभ्य ‘नाही’ आहे.

मुलांचं म्हणणं मान्यच करा, असं मी म्हणत नाही. कदाचित त्या सहा फुटांमुळे व्हीलचेअरची वाट अडेल. कदाचित कंत्राटदार दुसरा उपाय सांगेल. मुलं चुकलेलीही असतील. मी एवढंच मागतो की सप्टेंबरच्या सर्वसाधारण सभेपर्यंत ते काम सुरू करू नये. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा अर्ज घ्यावा, मुलांना सभेत बोलवावं आणि दहा मिनिटं द्यावीत. सभासदांनी त्यांना प्रश्न विचारावेत, अवघड विचारावेत, २००९ च्या त्या मुलाला मुलाखतीत विचारले तसे. उत्तरं देताना मी त्यांच्या शेजारी बसणार नाही आणि कागद पुढे सरकवणार नाही, हे वचन देतो. आणि सभेनं नाही म्हटलं, तर कारणासह लेखी उत्तर द्यावं. वहीच्या पानावर ते चिकटवलं जाईल. पुढच्या तुकडीला त्यातूनही शिकता येईल.

स्काऊट-गाईडच्या नऊ नियमांत सहावा नियम असा आहे की तो शिस्तशीर असतो आणि सार्वजनिक मालमत्तेच्या रक्षणाला मदत करतो. आपण मुलांकडून तो पाठ करून घेतो. आता मुलं ओपन स्पेसचं रक्षण करायला खरंच आली आहेत, तर आपण घरी असलं पाहिजे.

पालकांना एक शेवटची विनंती. सवलतीचे गुण घ्या, ते मुलांच्या कष्टाचे आहेत. पण घरी आल्यावर मुलाला विचारा, “तुझ्या कामात काय बिघडलं होतं आणि तू ते कसं निस्तरलं?” उत्तर लांबलचक आलं तर पुरस्कार त्याचा आहे. उत्तर आलं नाही, तर तो माझ्यासारख्या कुणाचा तरी आहे.

आणि बालमित्रांनो, वहीत उद्याच्या तारखेला लिहून ठेवा, ‘सभेची तयारी सुरू’. व्हीलचेअरची वाट किती रुंद लागते, ते आधी मोजून घ्या. कोणीतरी नक्की विचारणार आहे. मीच विचारणार आहे.

अध्यक्ष महोदय, घड्याळात वीस मिनिटं झाली. पाच मिनिटांचा दंड ‘खरी कमाई’च्या डब्यात टाकतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.